साखर उतरते

त्यांच्या शर्टाला मुंग्या लागतात.
धुऊन दोरीवर घातला तरी, कॉलरीपाशी,
जिथं पोतं टेकतं.
एपीएमसीत साखरेच्या गाळ्यांवर सोळा वर्षं.
मी चहातसुद्धा कधी चमचा वर घेतला नाही,
आणि वाढली माझीच. सातव्यात.

वाशीच्या दवाखान्यात गोडमिट्ट पाणी पाजलं,
दोन तास बाकावर.
एकशे अडुसष्ट.
तडवी डॉक्टरीण, वयानं माझ्याहून लहान,
केसपेपरच्या पाठीवर गोल काढून म्हणाली:
ही पेशी. साखर बाहेर उभी आहे.
ती आत घेणारी प्रथिनं असतात,
इन्सुलिननं हाक दिली की दाराशी येतात.
तुमच्यात हाक जाते, ती उठत नाहीत.

म्हणजे माथाडी, मी म्हटलं.
गाडी गाळ्यापुढं लागलीय,
मुकादम घसा फोडतोय,
आणि आत कुणी हूं की चूं करत नाही.
ती हसली. हो, तसंच.

मग संप पुकारला कुणी?
वारेनं, म्हणाली. वार रक्तात निरोप सोडते,
आईनं कमी उचला, बाळाकडं जाऊ द्या.
सगळ्याच बायकांत सोडते.
तुमच्यात जरा जास्तच ऐकला गेला.
आणि चरबीतून एक प्रथिन येतं, मुकादमाच्या बाजूचं,
ॲडिपोनेक्टिन,
(केरळातलं एखादं स्टेशन वाटावं असं नाव)
तेही कमी पडलं असेल,
म्हणून चरबीसुद्धा सुटून रक्तात हिंडते.

राग यायला हवा होता. आला नाही.
पोटातल्यासाठी कुणी तरी भांडतंय,
फक्त माझ्याशी भांडतंय, एवढंच.

डोहाळजेवणाला जाऊबाईंनी दोन वाट्या पालथ्या घातल्या.
मी उचलली. पेढा.
टाळ्या वाजल्या, मी वाटी पुन्हा झाकली.
रात्री तो ह्यांनी खाल्ला. बर्फीपण.

निघताना डॉक्टरीण एक बोलली होती:
जेवून चाला.
पाय हलले की ती प्रथिनं
हाकेवाचून उठतात.

आता रोज रात्री कोपरखैरण्यात
सेक्टर पंधराच्या नाल्याकडेनं आम्ही दोघं.
दिवसभर वाहून त्यांची मान एकीकडं कललेली,
तरी येतात. बोलणं फारसं नाही.
वळणावर, इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीपाशी,
मी दम खायला थांबते
तेव्हा विचारतात, किती उतरली?
म्हणते, चार-पाच पोती.

अजून अर्धी गाडी आहे, म्हणतात.
चल.