घंटा शाळेत आहे

केळणेच्या अल्याड, बाभळींत,
चर्चात तेवीस वर्षं सोयाबीनची पोती होती.
त्याआधी सरकी, त्याआधी कडबा,
त्याही आधी एक पाळक, जो जालन्याला बदलून गेला
आणि पत्र्याची पेटी तेवढी विसरला.

छप्पर एका उन्हाळ्यात बसलं.
कौलं कुणी नेली ते सगळ्यांना ठाऊक,
कारण ती रोज दिसायची.

मग शांतवन खरात रिटायर झाला,
एसटीचा मेकॅनिक, नखांत ग्रीस मुरलेलं.
म्हणाला, माझ्या आईचं लग्न इथं लागलं.
एवढंच. वर्गणीचं पुस्तकही छापलं नाही.

हबीब गवंड्यानं चुना भिजवला,
गूळ घातला, हिरडा घातला;
आठ दिवस मुंग्यांनीच उपासना केली.
फरशी उचलली तर खाली
सोयाबीनला पिवळा कोंब.
कौलं परत आली, रात्रीतून,
ओट्यावर रचलेली. मोजली तर दोन जास्त.

घंटा मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत.
गुरुजी ती काढायला स्टुलावर चढले,
पोरं बघत राहिली.
शांतवन म्हणाला, असू द्या.

रविवारी शाळेला कुलूप.
मग नऊ वाजता करुणाबाई दारात उभी राहून
एकेकाला नावानं हाक मारते.
सातजण आहेत.
फार वेळ लागत नाही.