चूक नव्हे, ताकीद

घाबरू नकोस वेक्का,
नुसती तुटक रेघांची चौकट आहे ती.
नीट वाच. चूक झाली असं कुठे म्हटलंय?
प्रोग्राम चालतोय तुझा.
अठ्ठेचाळीस प्रोसेस, एकाच यंत्रात,
एका पंगतीला बसल्यासारख्या,
आणि नदीचं वितळणं वाटून घेतलंय त्यांनी:
कुणाकडे सोत्कामोच्या रानातला बर्फ,
कुणाकडे कायानीच्या पुलाखालचं काळं पाणी.

पावलापावलाला शेजारणीला विचारावं लागतं,
तुझ्या हद्दीवर किती चढलं?
त्यासाठी मध्ये एक फळा टांगतात, सामायिक.
इकडून लिहायचं, तिकडून वाचायचं.
ताकीद एवढीच, की फळा
तू भलत्याच जागी टांगलास.
होम फोल्डरमध्ये. म्हणजे नेटवर्कपल्याड,
तळघरातल्या फाईल सर्व्हरवर.
मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघी
एकमेकींशी टपालाने बोलतायत.

उत्तर बरोबर येईल का, विचारतोस.
येईल.
उशिरा येईल.

आई गेल्यावर मी आणि तौनो
त्याच घरात राहिलो. तो वर, मी खाली.
बोलणं हेलसिंकीच्या वकिलामार्फत.
सौनाची तांब्याची बादली कुणाची
एवढं विचारायला एक पाकीट,
अकरा दिवस आणि वकिलाची फी.
डोक्यावर त्याची पावलं वाजायची रोज,
डाव्या पायावर जरा जास्त भार.
पत्रांत एका स्वल्पविरामाचीही चूक नसायची.
मार्चमध्ये छपरावरचा बर्फ उतरवायचा आला,
आणि शिडी काही एकट्याने धरता येत नाही.
झाडूच्या दांड्याने मी छत ठोकलं.
तीनदा.

असो. टाईप कर. एकच ओळ:
तात्पुरत्या फाईलींची जागा इथली, या यंत्रातली.
अक्षरं मोठी, मध्ये मोकळी जागा नको.

आणि हो, ही जवळची जागा लहान असते,
बघता बघता भरते,
यंत्र बंद झालं की कोरी.
जपायचं ते वेळच्या वेळी
दूर कुठेतरी उतरवून ठेवायचं,
तेवढं मात्र नेटवर्कपल्याडच बरं.
तौनोच्या आवाजाचं
मी तसं काही केलं नाही.

चालव आता.

चौकट नाही आली. बघ,
पहिला दिवस वितळला, दुसरा,
एप्रिलच्या मध्यापर्यंत पोचेल
आपली कॉफी होईस्तोवर.
पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागणार
ते सकाळी कळेल, सकाळीच कळवू.

बादली?
वरच आहे अजून.
शनिवारी जिना चढते, घेऊन येते,
सौना झाला की
पुसून परत नेऊन ठेवते.