चारास एक

फेब्रुवारी सरता सरता सावळजच्या शाळेत
खिडकीतून आंबूस-गोड वास येऊ लागतो.
शेडवरच्या जाळ्या भरल्या,
हे कॅलेंडरआधी नाकाला कळतं.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं : गुणोत्तर.
सहावीची बत्तीस तोंडं तशीच.
‘म्हंजे गुणांचं उत्तर का, बाई?’ इरफान मुलाणी.
नाही रे, म्हणाले, आणि अडले.
मग पुस्तक मिटून विचारलं,
तेजपाल, तुमच्या शेडवर किती द्राक्षांचा किती बेदाणा होतो?
चौगुल्यांचा तेजपाल बसूनच म्हणाला,
‘चार किलोला किलो. मधी पाऊस आला तर
काय सांगता येत न्हाई.’

पाऊस मी सोडून दिला.
पुस्तकं असंच करतात.

४ : १
दोन टिंबं, एकावर एक.
शुभदा सुतार म्हणाली, स्वतःमध्ये असतात तशी.
हो, तशीच. पण इथं त्यांचा उच्चार ‘ास’ :
चारास एक.
शेजारी मी आडवी रेघ ओढली, वर चार, खाली एक.
तरी पटेना म्हणून खाली चौकटी काढल्या,
चार हिरव्या खडूच्या, एक पिवळ्या.
गोष्ट एकच, म्हटलं, नुसते कपडे वेगळे.
आणि किलो कुठं गेले?
किलो गळून पडले.
चार डबे घ्या, चार क्रेट घ्या, चार ट्रक घ्या,
चारास एक काही हलत नाही.

इरफाननं वहीत उलटं लिहिलं, १ : ४.
तेजपाल हसून बाकावर आडवाच झाला.
‘किलोभर द्राक्षांचा चार किलो बेदाणा!
मुलाण्या, तुझ्या शेडवर मला कामाला घे.’
आधी कोण, नंतर कोण,
हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

मग मी म्हटलं, आता आपलाच वर्ग घेऊ.
मुली बारा, मुलगे वीस.
१२ : २०
दोनानं भाग द्या. ६ : १०
अजून जातो का? जातो.
३ : ५
याला म्हणायचं अतिसंक्षिप्त रूप.
खडू ठेवला, हात झटकले,
मला वाटलं तास छान झाला.

मागच्या बाकावरून करुणा ऐवळे उठली.
एरवी हजेरीलाही तिचा आवाज अर्धाच येतो.
‘बाई, त्या तिनात
मी कुठली?’

कुणी हसलं नाही.
मी सांगितलं, एकेका मुलीत चौघी आहेत असं समज.
खाली बसताना ती पुटपुटली,
‘चौघीत एक.’
आणि बोटांनी बाकावर काहीतरी मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी.
‘आईसंगं निवडणीला गेलीया,’ शुभदानं सांगितलं,
‘शेडवर बायका कमी पडल्यात.’
हजेरी लावून मी सवयीनं फळ्यावर मांडलं :
११ : २०
दोनानं? नाही.
तिनानं? पाचानं? नाही.
पोरं वहीच्या मागच्या पानावर झटत होती.
अखेर इरफान म्हणाला,
‘बाई, करुणा न्हाई तर ह्ये लहानच हुईना.’

अकरा आणि वीस.
एक सोडून दोघांना समान असं काही नाही.
मी ते तसंच ठेवलं, पुसलं नाही.
शिपाईमामांनाही सांगितलं.

सोमवारी ती आली.
बोटं चिकट, वहीच्या कडांना बेदाण्याचा वास.
दप्तर टाकायच्या आधी फळ्याशी गेली,
अकरातला दुसरा एक तळहातानं पुसला,
तिथं दोन काढला,
आणि जाऊन बसली.

१२ : २०
पुढं कुणी भाग दिला नाही.

परीक्षेत मात्र अतिसंक्षिप्त रूपच लिहा,
नाहीतर अर्धा गुण जातो,
हे मी सांगितलं.
सांगावंच लागतं.