बिलाच्या पाठीवरचा नकाशा

नाश्ता आटोपला की पाहुणे काउंटरशी येतात,
चावी बोटात गरगरती.
"काका, अर्ध्या दिवसात काय काय होईल?"

मी आधी विचारतो, गाडीत कुणाला मळमळतं?
म्हातारं माणूस आहे का? गाडी बसकी की उंच?
मग बिलबुकातलं रद्द पान उलटं करून
पहिल्यांदा समुद्र काढतो. डाव्या अंगाला, एकच रेघ.
समुद्राला फार शाई लागत नाही.
खाड्यांना लागते.

इथे अंतर डोळ्यांनी मोजू नये.
पलीकडच्या माडावर चढलेला माणूस दिसतो,
त्याच्या कमरेचा कोयतासुद्धा,
पण खाडी आडवी आली
की हाकेच्या अंतराला दीड तास.
म्हणून बारीक अक्षरात लिहून देतो:
दाभोळला फेरीबोटीत गाडी उलटी घालावी लागते,
घाबरू नका, पोरं शिट्टी मारतात.
हर्णैचा लिलाव बघा, पांढरे बूट घालून जाऊ नका.
तामसतीर्थाला पाणी लाल दिसलं नाही
तर मला फोन करू नका.

आणि आंजर्ल्याच्या पुढे
माझी रेघ थांबते.
तिथे एक फुली.
रस्ता खराब. केळशी पंधरा किलोमीटर.
अकरा वर्षं झाली, रस्ता खराबच.

मी आणि मुख्तार पारकर, दोघांत एक जीप.
पुढे चार, मागे दहा, टपावर मासळीच्या पाट्या.
सकाळी तो चालवायचा, दुपारनंतर मी,
रात्री बोनेटवर वही ठेवून डिझेलचा हिशेब.
भांडण कशावरून झालं, बायको विचारायची,
तेव्हाही धड सांगता आलं नाही.
किलोमीटरवरून.
मी भरून धरायचो,
तो मोजून.
जीप गेली खेडच्या एका माणसाला.
त्याने केळशीला पंक्चरचं दुकान टाकलं,
मी मुरुडात या काउंटरमागे,
पाठीशी शंखांचं तोरण, समोर पेनाला बांधलेली सुतळी.

परवा वर्ध्याचे ढोके, बायको, दोन मुली
फुली ओलांडून गेले.
धाकटी म्हणाली होती,
फुलीखाली खजिना असतो.

दिवेलागणीला परत आले, पायऱ्यांवर वाळू सांडत.
"काका, रस्ता तर झकास! डांबर नवंकोरं.
टायर बसला तो ऐन गावात.
पंक्चरवाल्याने पैसे घेतले नाहीत.
तुमचा कागद मात्र मागितला,
बराच वेळ बघत बसला.
मग कानावरची पेन्सिल काढली."

कागद माझ्यासमोर. समुद्रात काळ्या बोटांचे ठसे.
फुली त्याने खोडली नव्हती,
तिच्यातूनच रेघ पुढे नेली होती,
आड्याचं वळण, पाडल्याचा उतार,
जिथे आमचा पट्टा तुटला होता तो पिंपळ
(पर्यटकाला त्याचं काय?),
आणि शेवटी एक गोल, टायरसारखा, आत दुसरा गोल.
माझ्या पंधरावर काट.
वर लिहिलेलं: साडेतेरा.
खाली आणखी बारीक:
अजून भरूनच धरतोस.

ढोक्यांची धाकटी टाचा उंचावून विचारत होती,
यात लिहिलंय काय?
मी म्हटलं, हिशेब.
ती नाराज होऊन झोपाळ्याकडे गेली.

आज दुपारची सुट्टी मागून घेतली आहे.
माझ्या स्कूटरचं मीटर कधीच मेलंय,
म्हणून किचनमधल्या अनिकेतची मोटरसायकल घेतो,
तिचे आकडे फिरतात.
आंजर्ल्याच्या पुलावर शून्य करीन,
उताराला बंद करणार नाही,
कडेने जाणार नाही, वळणं कापणार नाही.

साडेतेरा, म्हणतो तो.
पंधरा, मी.

मला वाटतं, चौदा निघतील.