डावा मागचा दिवा

तीन वाजता मी भट्टी पेटवायला उठतो
आणि त्याच सुमारास, धक्क्याला बोट लागावी तशी,
शेडमधली मॉरिस मायनर भोंगा देते.
आत कुणी नाही. किल्ली आमच्या फ्रीजवर.
"ओल धरलीय वायरीने," थोरा झोपेतच म्हणते
आणि कूस बदलते.
रात्री बॅटरी सोडवून ठेवत नाही ती.
ठेवली तर दोष सापडणार कसा, म्हणते.
पलीकडच्या मिसेस लिंकलेटर
आताशा या भोंग्यावर बीपीची गोळी घेतात.

स्ट्रॉमनेसला डिसेंबरात दिवस उसना आणल्यासारखा येतो,
नऊला आणायचा, साडेतीनला परत.
उरलेला वेळ थोरा डॅशबोर्डखाली उताणी,
पाय दाराबाहेर, मोजे दोन वेगळ्या जोडांचे,
आणि मी टॉर्च धरून.
"इकडे नाही, तिकडे. हात का हलतो तुझा?"
बावीस वर्षं पिठाच्या गोण्या उचलल्या, म्हणून.
पण हे बोलायची ती वेळ नसते.

दुखणं असं:
ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो,
इंडिकेटर दिला की मागचा दिवा मान डोलावतो,
आणि दोन्ही एकदम दिले तर दोघेही रुसतात.
एकाला हाक मारावी, भलत्यानेच ओ द्यावी.

फ्यूज दोनच. दोन्ही शाबूत.
पुस्तकातल्या नकाशात तपकिरी, पांढरी, हिरवी, जांभळी,
रंगावरून काम ओळखायचं.
पण ही गाडी आधी एर्लेंडची, थोराच्या भावाची,
आणि एर्लेंडकडे होती खेकड्यांची होडी
आणि होडीतून उरलेलं पिवळ्या वायरीचं अख्खं रीळ.
गाडीच्या पोटात आता पिवळ्याशिवाय काही नाही.
"गाढव," थोरा म्हणते. मग गप्प.
मग, "जरा जवळ आण उजेड."
प्रत्येक टोकाशी जाळ्याच्या दोऱ्याच्या गाठी.
एक गाठ, दोन गाठी, एके ठिकाणी पाच.
खुणा केल्या होत्या त्याने,
उलगडा मात्र बर्गनला घेऊन गेला.
नऊ वर्षं झाली. आईच्या घड्याळावरून.
नंबर आहे. भिंतीवर, कॅलेंडरच्या मागे लिहिलेला.

मीटरचं एक टोक दिव्याला, एक पत्र्याला.
शून्याच्या जवळ यायचा आकडा कुठेच येत नाही.
"अर्थ नाही," ती म्हणाली.
मला वाटलं, एकूणातच म्हणतेय.
"अर्थिंग रे. दिव्यातल्या विजेला पत्र्यातून परतायचं असतं.
ती वाट बंद झाली तर शेजाऱ्याच्या घरातून जाते
आणि जाता जाता त्याचा दिवा अर्धा लावते."

दिवा उतरवला. मागे तिचाच रंग.
मे महिन्यात तिने ते मडगार्ड
पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून सात हात दिले होते,
धुक्याच्या निळ्याचे, गंजाचा कण दिसेना असे.
बोल्टाच्या भोकातही. बोल्टाखालीही.
बराच वेळ बघत राहिली.
"मीच की," म्हणाली.

मग पेनीएवढा रंग खरवडला.
माझे दात शिवशिवले.
खालचा पत्रा बासष्ट सालचा, पांढराफटक, ओला वाटणारा.
"बस आत. दाब."
पिठाळ बुटाने मी ब्रेक दाबला.
मागच्या दगडी भिंतीवर लाल. नुसता लाल.
"सोड. दाब. सोड."
अकरा वेळा. नंतर मी मोजणं सोडलं.

घरात येऊन तिने हात धुतले,
कॅलेंडर उचललं, पाहिलं, पुन्हा अडकवलं.
"भोंग्याची कुठली असेल? पाच गाठींची?"
मला काय विचारतेस, म्हटलं.

तीन वाजता उठलो. भोंगा वाजला.
थोरा पलंगाच्या कडेला बसलेली,
हनुवटीखाली फोनचा उजेड.
"नॉर्वेत आता चार," म्हणाली.
"मासेवाले उठले असतील ना रे?"