मुद्देमाल

पंचनाम्याच्या तिसऱ्या ओळीत अडलो.
‘लाकडी धनुष्य, एक.’
पुढं काय?
छापील फॉर्मात बंदुकीच्या नंबराला जागा होती,
याला नव्हती.

गोमा हिलम बाकावर उकिडवा,
पायांवर खाजणातला चिखल वाळून पांढरा.
म्हणाला, लिवा साहेब, धामण.
अंधाऱ्या पाखात तोडलेली,
चांदण्यात तोडली तर भुंगा धरतो.
दोन पावसाळे चुलीच्या वर, धुरात.
मग कोयत्यानं पोट तासायचं,
पाठीला हात लावायचा नाय.
पाठीचं एक वरीस जरी कापलं...
त्यानं दोन बोटांनी काडी मोडल्यासारखं केलं.

मी ‘धामण’ एवढंच लिहिलं.

दोरी?
केवणीच्या सालीची. सोमी वळते. बायको माझी.
तिचं नाव नका लिवू.

बाहेर राजपुरीच्या खाडीला भरती लागलेली,
वाऱ्याला सुकटीचा वास.
भेकर व्हरांड्यात गोणपाटावर.
त्याच्या डोळ्यावर माशी बसली की
मीच हाकलत होतो, का कुणास ठाऊक.

किती अंतरावरून?
वीस पावलं. पहाटेपासून करवंदीत होतो,
झऱ्याच्या खालच्या अंगाला.
मतलई पडायच्या आत आलं म्हणून.
खारा वारा सुटला असता
तर माझा वास त्याला आधी.
पाणी प्यालं. पिऊ दिलं मी.
मान वर केली, तवा सोडला.

हे सगळं रकान्यात बसेना.
‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ लिहून
अंगठा घेतला.

जीपमध्ये चढता चढता वळला.
दोरी उतरवा साहेब.
ताणून ठेवली तर लाकडाला सवय लागते,
मग ते नुसतं वाकडं लाकूड.
मी ओढून पाहिलं. रेंजरसाहेबांनी गुडघा लावला.
शेवटी त्याचीच बेडी काढली.
त्यानं धनुष्यात पाय घातला, मांडीमागं वाकवलं,
फास खाचेतून आवाज न करता सरकला.
मग बेडीसाठी स्वतःच हात पुढं केले.

दोन वर्षांनी मुरुडला तारीख लागली.
लाखेचं सील फोडलं, वर कोळ्याचं जाळं.
लिपिकानं वाचलं, ‘धामण.’
न्यायाधीश म्हणाले, साप?
झाड, सर, मी म्हणालो,
आणि उगाचच बरं वाटलं.

त्याचा वकील उठला, अलिबागचा, पोरगेलासा.
हे हत्यार कशावरून? काठी आहे ही.
मोळी वाहायची असेल.
दोरी चढवून दाखवा.

सरकारी वकिलांनी माझ्याकडं पाहिलं.
मी टोक बुटाशी टेकवलं, जोर लावला.
फास खाचेपासून चार बोटं लांब.
शिपायानं करून पाहिलं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
पुन्हा माझ्याकडं आलं.

अजून अर्धा मिनिट,
आणि काठी ती काठीच राहिली असती,
गोमा संध्याकाळच्या एस्टीनं वाडीवर.

पण तो माझ्या हातांकडं बघत होता,
पोरानं विळा पात्याकडून धरावा
आणि आपण लांब असावं, तसा.
उलटं धरलंय, तो पुटपुटला.
पोट त्या अंगाला नाय.
वकिलानं वळून डोळे वटारले.
लाकूड करकरलं. बारीकसं.

मोडंल, गोमा म्हणाला,
या खेपेला सगळ्यांना ऐकू जाईल असं,
आणि पिंजऱ्याच्या कठड्यावरून
हात पुढं केला.