सेंटरिंग काढायचा दिवस

दोन खिळ्यांना दोन टोकं अडकवून
लादिनानं आधी एक साखळी सोडली होती,
सायकलची, जुनी, बोटं काळी करणारी.
म्हणाली, हिला काही शिकवावं लागत नाही,
ओझं कसं वाटून घ्यायचं ते लोंबणाऱ्याला ठाऊकच असतं.
मग फोटो काढून उलटा धरला.
झाली कमान.

त्यानंतर तीन वर्षं आकडे.
पडद्यावर रेषांचं जाळं, एक बिंदू हलवला
की शेजारचे चाळीस सरकायचे
एकत्र कुटुंबासारखे, कुरकुरत.
झुरिकच्या तळघरात रोबोचा पिवळा हात
सोऱ्यातून चकली पाडावी तसं
रात्रभर काँक्रीट घालायचा, थरावर थर.
एकशे अकरा ठोकळे, एकासारखा दुसरा नाही.
जिथून ओझं जात नाही तिथं पोकळ.
लोखंड नाही. सांध्यात सिमेंटही नाही.
उद्या गावाला पूल नकोसा झाला
तर सुटा करा, दुसऱ्या ओढ्यावर न्या.

ग्राउब्युंडनच्या त्या दरीत ऑक्टोबर संपत आलेला.
जोन फिदेल, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा पाथरवट,
कुणी न बोलावता आला,
आणि बाजारात मडकं पारखावं तसा
लाकडी हातोडीनं एकेक ठोकळा वाजवत गेला.
सत्तेचाळिसाव्यावर थांबला.
"हा बद्द बोलतो."

लॅपटॉप म्हणत होता, सगळं ठीक.
लादिनानं लॅपटॉपकडे पाहिलं,
मग त्याच्या कानाकडे. मोठा, केसाळ कान.
ठोकळा काढला, फोडला.
आत एक थर दुसऱ्याला चिकटलाच नव्हता.
त्या रात्री वीज गेली होती, अकरा मिनिटं,
आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

नऊ दिवस गेले.
नवा ठोकळा आला, म्हाताऱ्यानं वाजवला, मान हलवली.
मग जॅक मिलिमीटर-मिलिमीटरनं खाली.
एकदाच आवाज आला, करकर,
कुणी थकलेलं माणूस खुर्चीत टेकताना येतो तसा.
"बसला," तो म्हणाला,
आणि टोपी न काढताच पलीकडे चालत गेला.

गणितानं सांगितलं होतं, सहा मिलिमीटर खचेल.
खचला चार.

संध्याकाळी सगळे सूपच्या पातेल्याभोवती,
वाइन, हशा, महापौरबाईंचं लांबलेलं भाषण.
कमीच खचला, चांगलंय की, कुणीतरी म्हणालं.
लादिना तिथं नव्हती.
कपाळाला दिवा बांधून ती पुलाखाली,
गुडघाभर गार पाण्यात,
उरलेले दोन मिलिमीटर शोधत होती.